गहाण जमिनीची लवकर सोडवणूक आणि घरची साधी राहणी

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ या सदरात बँकेचे किंवा सोसायटीचे नाव व कर्जाची रक्कम नोंदली गेली, म्हणजे जमिनीवर बोजा चढला असे शेतकरी म्हणतात. विहीर, पाईपलाईन, गोठा किंवा राहते घर यांसाठी जमीन तारण देऊन दीर्घ मुदतीचे कर्ज काढण्यात कमीपणा कोणताच नाही. विहिरीला पाणी लागले आणि एका पिकाची दोन पिके झाली, तर ते कर्ज सत्कारणी लागले असेच म्हणावे लागेल. परंतु दहा वर्षांच्या मुदतीने काढलेले कर्ज दहा वर्षे पुरवूनच फेडले पाहिजे, अशी जी समजूत सर्वत्र दिसते ती मात्र खर्चाची आहे. वर्षाकाठी थोडी अधिक रक्कम मुद्दलात भरीत गेल्यास हेच कर्ज सात-आठ वर्षांत फिटते. ही अधिक रक्कम शेताच्या खर्चातून नव्हे, तर घरच्या राहणीतून उभी राहू शकते, आणि ती उभी करताना घरातील माणसांना उपाशी किंवा उदास राहावे लागत नाही.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला गहाणाची धास्ती वाटावी याला जुना इतिहास आहे. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला करून कर्जरोखे जाळले, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि रोख्यात काय लिहिले आहे एवढ्यावरच न थांबता मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली आला, तरीही १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जउभारणीत सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के निघाला. आता परिस्थिती पालटली आहे. बँक, सोसायटी आणि बचतगट गावापर्यंत पोहोचले आहेत. व्याजाचा धर्म मात्र पालटलेला नाही.

व्याज कोठे जाते

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील हिशेब शेतकऱ्यांना कागदावर मांडून दाखवावा. तोंडी सांगितलेला हिशेब पटत नाही. समजा, एका कुटुंबाने पाईपलाईनसाठी ३,००,००० रुपयांचे कर्ज दरसाल दर शेकडा १० रुपये व्याजाने, दहा वर्षांच्या मुदतीने आणि समान वार्षिक हप्त्याने घेतले. वार्षिक हप्ता सुमारे ४८,८२४ रुपये पडतो. पहिल्या वर्षी हे ४८,८२४ रुपये भरले तेव्हा त्यांपैकी ३०,००० रुपये व्याजात गेले आणि मुद्दल फिटले ते केवळ १८,८२४ रुपयांचे. पाच वर्षे एकही हप्ता न चुकविता या कुटुंबाने सुमारे २,४४,००० रुपये भरले, तरी पाचव्या वर्षाअखेर १,८५,००० रुपये मुद्दल बाकी राहतेच. निम्मी मुदत संपली म्हणजे निम्मे कर्ज फिटले असे नाही. बँकेने फसविले अशी शंका शेतकऱ्याला येते ती येथेच. वास्तविक फसवणूक काहीच नसते, आरंभीच्या हप्त्यांत व्याजाचा भाग मोठा असतो एवढेच.

याच कुटुंबाने दर वर्षी हप्त्याबरोबर १२,००० रुपये अधिक भरले, म्हणजे महिन्याकाठी १,००० रुपये बाजूला टाकले, तर काय होते? सातव्या वर्षाअखेर बाकी साडेसात हजारांच्या आसपास उरते आणि आठव्या वर्षी सुमारे ८,३०० रुपये भरून खाते बंद होते. दहा वर्षांत एकूण ४,८८,००० रुपये भरावे लागले असते, तेथे ४,३४,००० रुपयांत काम भागते. वाचलेले सुमारे ५४,००० रुपये हे शुद्ध व्याज होय. शिवाय आठव्या वर्षाच्या हप्त्यातील बहुतेक रक्कम आणि नवव्या व दहाव्या वर्षांचे पुरते हप्ते घरातच राहतात.

अधिक रक्कम केव्हा भरली यालाही मोठे महत्त्व आहे. पहिल्या हप्त्याबरोबर एकदाच भरलेले १२,००० रुपये दहाव्या वर्षाच्या हप्त्यातून सुमारे २८,३०० रुपये कमी करतात. नवव्या वर्षी भरलेले तेवढेच १२,००० रुपये कमी करतात ते १३,२०० रुपये. म्हणून ‘पुढे मुलगा नोकरीला लागला की एकदम फेडू’ हा विचार मागे ठेवावा. आरंभीची तीन-चार वर्षे हीच फेडीची खरी सुगी होय, आणि नेमकी त्याच वर्षांत नव्या पाण्याचा उत्साह घरात असतो व पैसा हातातून सुटतो.

महिन्याचे हजार रुपये

शेतकऱ्याच्या घरात पैसा पगारदाराप्रमाणे महिन्याच्या महिन्याला येत नाही. सोयाबीन किंवा कापूस दिवाळीच्या सुमारास, कांदा भाव येईल तेव्हा, उसाचे बिल कारखाना देईल तेव्हा, असा तो येतो. आला की मोठा दिसतो आणि मोठा दिसतो म्हणूनच लवकर संपतो. अपवाद दुधाचा. अनेक गावांत डेअरी दहा दिवसांनी हिशेब करते आणि लोक त्याला दुधाचा पगारच म्हणतात. ज्या घरी दोन दुभती जनावरे आहेत त्या घराने प्रत्येक पगारातून ३३५ रुपये थेट वेगळ्या बचत खात्यात टाकले, तर वर्षाचे १२,००० रुपये होतात. ही रक्कम घरखर्चाच्या डब्यात ठेवू नये. डब्यातील पैशाला घरातील प्रत्येकाचा हात पोहोचतो.

तथापि हे ३३५ रुपये कोठून तरी यावे लागतात, आणि येथे गृहिणीचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे. पुष्कळ घरांत कर्जाचा कागद पुरुषांपाशी आणि काटकसरीचा भार स्त्रियांवर, अशी वाटणी असते. ती न्यायाची नाही आणि उपयोगाचीही नाही. कर्ज किती, व्याज किती, हप्ता केव्हा, हे ज्या घरात चुलीपाशी बसणाऱ्या व्यक्तीला ठाऊक असते त्या घरात पैसा टिकतो. पूर्वी दुधाच्या रतीबाचा हिशेब भिंतीवर चुन्याच्या रेघांनी ठेवीत. तशीच एक जागा कर्जाच्या बाकीसाठी राखावी आणि दर हप्त्यानंतर नवा आकडा तेथे लिहावा. मुलेसुद्धा तो आकडा वाचतात आणि तो खाली येताना पाहून त्यांनाही गंमत वाटते.

खर्च कमी करावयाचा म्हणजे मुलांच्या तोंडचे दूध डेअरीला घालावयाचे, हा मार्ग सर्वांत वाईट. घरापुरते दूध आधी काढून ठेवावे आणि उरलेले विकावे. डाळ, शाळेची फी, औषधोपचार आणि बियाणे या बाबींना हात लावू नये. हात लावावयाचा तो ज्या खर्चाने घरात काहीच उरत नाही त्याला. तालुक्याच्या गावी कामावाचून होणाऱ्या मोटारसायकलच्या फेऱ्या, टपरीवरचा चहा आणि तंबाखू-गुटखा, बाजाराच्या दिवशी घेतलेली आणि चार दिवसांत सुकून जाणारी भाजी, हप्त्याने घेतलेला दुसरा मोबाईल, यांचा हिशेब एक महिना वहीत लिहून पाहावा. कोणी कोणाला बोलू नये, नुसते लिहावे. महिनाअखेर बेरीज झाली की बोलण्याची गरज राहत नाही.

भाजीचा प्रश्न परसात सुटतो. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू व केळ उत्तम येते. कुंपणाला शेवग्याची दोन झाडे, मांडवावर दोडका आणि भोपळा, वाफ्यात मेथी, पालक व वांगी, एक लिंबाचे आणि एक कढीपत्त्याचे झाड, एवढ्याने चार-पाच माणसांच्या घराची भाजी वर्षातील बराच काळ बाहेरून आणावी लागत नाही. शेवग्याच्या पाल्याची भाजी पुष्कळ घरांत केली जात नाही. ती करावी, कारण तिच्यात लोह व चुना भरपूर असतो आणि तिला पैसा पडत नाही. आठ-दहा गावठी कोंबड्या परसात फिरत असल्या तर अंडी घरची होतात. तूर विकून वर्षभर दुकानातून डाळ आणण्यापेक्षा घरापुरती तूर ठेवून तिची डाळ करून घ्यावी. या गोष्टी नव्या नाहीत. आजीच्या काळी त्या चालतच होत्या. हातात रोख पैसा आला तेव्हा त्या मागे पडल्या इतकेच.

साधी राहणी म्हणजे रडकी राहणी नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. कर्ज फिटेपर्यंत सण नाही, गोडधोड नाही आणि हसणे नाही असा नेम एखाद्या घराने केला, तर तो एक वर्ष टिकतो आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट खर्चाने मोडतो. शेतकऱ्याच्या घरचा आनंद मुळातच महाग नाही. थंडीत शेतावर शेकोटी पेटवून ज्वारीचा हुरडा भाजावा आणि त्यासाठी शेजाऱ्यांना बोलवावे. कोजागिरीला घरचे दूध आटवावे. घरच्या हरभऱ्याच्या डाळीची पुरणपोळी विकतच्या मिठाईपेक्षा कोणत्याही दृष्टीने कमी नाही. रात्री जेवणे झाल्यावर ओट्यावर बसून कोणी वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, कोणी हरिपाठ म्हणावा, मुलांनी अभ्यास करावा, आणि म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या गोष्टी सांगू द्याव्यात. ज्या घरात संध्याकाळ अशी जाते त्या घरातील तरुणाला करमणुकीसाठी तालुक्याला जावेसे क्वचितच वाटते. काटकसरीच्या कोष्टकात ही बाब कोणी मांडीत नाही, पण तिचा परिणाम वहीत उमटतो.

खरा धोका रोजच्या खर्चात नसून मांडवात आहे. सहा वर्षे पै-पै साठवून केलेली फेड एका लग्नात वाहून जाते आणि वर नवे कर्ज होते, असे गावोगाव दिसते. ‘लोक काय म्हणतील’ या वाक्याने महाराष्ट्रातील जितकी जमीन गहाण पडली असेल तितकी दुष्काळानेही पडली नसेल, असे कधी कधी वाटू लागते. सामुदायिक विवाह, दोन्ही घरांनी मिळून केलेला एकच समारंभ आणि मानपानाला फाटा, हे उपाय सर्वांना माहीत आहेत. त्यांची सुरुवात गावातील बऱ्या स्थितीच्या घरांनी केली तर गरिबाला ते करणे सोपे जाते. ग्रामकार्यकर्त्यांनी या कामी आधी अशा घरांकडे जावे.

कोणते कर्ज आधी

एका घरावर बहुधा एकच कर्ज नसते. सोसायटीचे पीककर्ज, बँकेचे मुदतीचे कर्ज, ट्रॅक्टरचा किंवा मोटारसायकलचा हप्ता, सोने तारण आणि एखादी हातउसनवारी अशी मांडणी असते. अधिक पैसा भरावयाचा तो ज्या कर्जाचा व्याजदर सर्वांत जास्त त्यात भरावा. महिना शेकडा ३ रुपयांनी घेतलेली उसनवारी म्हणजे दरसाल ३६ टक्के. ती तशीच ठेवून १० टक्क्यांचे बँकेचे कर्ज मुदतीपूर्वी फेडणे हा उलटा व्यवहार झाला. बँकेचा हप्ता भरण्यासाठी सावकाराकडे जाणे हा तर त्याहून उलटा.

पीककर्जाचा न्याय वेगळा आहे. ते लवकर फेडण्यापेक्षा वेळेवर फेडण्यात लाभ आहे. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत परत करणाऱ्यावर व्याजाचा भार जवळजवळ पडत नाही; मुदत एक दिवस चुकली तरी सवलत हातची जाऊ शकते. म्हणून पीककर्जाची तारीख आधी सांभाळावी आणि मगच मुदतीच्या कर्जात अधिक रक्कम भरावी.

त्याचबरोबर हातात काहीच न ठेवता सर्व रक्कम बँकेत भरून टाकणे शहाणपणाचे नाही. पाऊस लांबला, बैल मेला, घरात आजारपण आले, तर तीच रक्कम दुपटीच्या व्याजाने बाहेरून काढावी लागते. पुढील हंगामाचे बियाणे व खत आणि तीन-चार महिन्यांचा घरखर्च एवढी पुंजी बचत खात्यात राहू द्यावी. ती जमेपर्यंत अधिक हप्ता थांबला तरी चालेल.

भरताना काय पाहावे

अधिक रक्कम बँकेत भरताना ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी’ असा लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. तसे न केल्यास ती पुढील हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहण्याचा संभव असतो आणि मग व्याज अपेक्षेप्रमाणे कमी होत नाही. मुद्दल कमी झाल्यावर बँक दोन पर्याय देऊ शकते : हप्ता तोच ठेवून मुदत कमी करणे किंवा मुदत तीच ठेवून हप्ता कमी करणे. कर्जातून लवकर मोकळे व्हावयाचे असेल तर पहिला पर्याय घ्यावा. ज्यांची शेती सर्वस्वी पावसावर आहे त्यांनी दुसरा घेतला तरी त्यांना दोष देता येणार नाही. मात्र त्यांनी चांगल्या वर्षी आपण होऊन अधिक भरावे. वर्षातून एकदा खातेउतारा मागून घ्यावा आणि तो घरच्या वहीशी ताडून पाहावा.

मुदतपूर्व फेडीवर काही आकार आहे काय, हे करारनाम्यात पाहावे. व्यक्तींना दिलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर असा आकार बँकांनी घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ साली ठरवून दिले. इतर कर्जांच्या बाबतीत करारातील अट वाचूनच निर्णय करावा.

गहाण खाजगी व्यक्तीकडे असेल तर कायद्यातील एक बारकावा ध्यानात ठेवला पाहिजे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम ६० अन्वये गहाण सोडविण्याचा हक्क कर्जदाराला आहे आणि तो हिरावून घेणारी अट टिकत नाही. परंतु हा हक्क कर्जाची रक्कम देय झाल्यावर उत्पन्न होतो. गहाणखतात पाच वर्षांची मुदत असली आणि ‘मुदतीत केव्हाही फेड करता येईल’ असे शब्द नसले, तर तिसऱ्या वर्षी पैसे घेऊन आलेल्या कर्जदाराला धनको थांबवू शकतो. कबजेगहाणात ही गोष्ट विशेष जाचक ठरते, कारण तेथे जमीन आणि तिचे उत्पन्न दोन्ही धनकोच्या हाती असतात. म्हणून गहाणखत लिहितानाच हे शब्द घालून घ्यावेत. नंतर ते घालण्यास धनको सहसा राजी होत नाही.

मुदत भरल्यावर धनको पैसे घेण्यास टाळाटाळ करू लागला तर देय रक्कम न्यायालयात भरण्याची सोय याच कायद्याच्या कलम ८३ मध्ये आहे. गहाण सोडविण्यासाठी दावा लावण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे ३० वर्षांची आहे. पण तेवढ्यावर विसंबून कोणी स्वस्थ बसू नये. गहाण म्हणून पैसे घेतले आणि कागद मात्र खरेदीखताचा लिहून दिला, हा प्रकार आणखी घातक आहे. जमीन परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण ठरत नाही. तोंडी वचनाला किंवा वेगळ्या चिठ्ठीला तेथे किंमत राहत नाही. अशा रीतीने जमीन गमावलेल्यांसाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करण्याचा मार्ग आहे. परवाना नसलेल्या सावकारीची तक्रारही तेथेच करावी.

शेवटचा हप्ता भरल्यानंतर

शेवटची पावती हातात आली म्हणजे काम झाले असे समजून पुष्कळ जण घरी येतात, आणि पुढे वाटणीच्या किंवा नव्या कर्जाच्या वेळी सातबाऱ्यावर जुना बोजा तसाच उभा असल्याचे त्यांना कळते. कधी कधी कर्ज वडिलांनी फेडलेले असते, पावती हरवलेली असते आणि संस्थेचे दप्तर जुने झालेले असते. भूविकास बँकांच्या कर्जदारांपैकी अनेकांना हा अनुभव आला आहे. त्या बँका बंद करण्याचा निर्णय २०१५ साली झाला, तरी उताऱ्यांवरील त्यांची नावे पुढेही कित्येक वर्षे राहिली.

म्हणून खाते बंद झाल्याच्या दिवशीच बँकेकडून किंवा सोसायटीकडून बेबाकी दाखला मागावा आणि तारण दिलेले मूळ कागद परत मागावेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार संपूर्ण फेडीनंतर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत देणे आणि नोंदलेला बोजा उठविणे बँकांवर बंधनकारक आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही हा आदेश लागू आहे. विलंब बँकेच्या दोषामुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. गहाणखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले असेल तर मुक्ततेचा दस्तही तेथेच नोंदवून घ्यावा.

यानंतर दाखल्यासह तलाठ्याकडे, म्हणजे २०२४ नंतरच्या नामाभिधानाप्रमाणे ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा. ई-हक्क प्रणालीतून हा अर्ज घरबसल्याही करता येतो. अर्जावरून फेरफार नोंद धरली जाते आणि ती प्रमाणित झाल्यावर उतारा बदलतो. नवा उतारा काढून पाहावा आणि बोजा जितक्या गटांवर होता तितक्या सर्व गटांचा पाहावा. दोन गटांवरील नोंद उठते आणि तिसऱ्यावर राहून जाते, असे घडलेले आहे. जामीनदारांनाही कर्ज फिटल्याचे लेखी कळवावे. बेबाकी दाखला, शेवटची पावती, परत मिळालेले मूळ कागद आणि नवा उतारा ही चारही कागदे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवावीत आणि ती कोठे आहेत हे घरातील निदान दोन माणसांना दाखवून ठेवावे.